आधी उजेड, मग देखावा: मराठवाड्यात मोकळ्या जागेवर मॉडेलचे छायाचित्रण

मराठवाड्यात कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला जागेची वाण कधीच पडत नाही. बीबी का मकबरा आहे, देवगिरीचा किल्ला आहे, म्हैसमाळचे पठार आहे, नळदुर्गचा पाणीमहाल आहे, आणि यांपैकी काहीच जवळ नसेल तर गावातला पडका वाडा आणि नदीकाठचा लिंब तर असतोच. नवोदितांचा घोटाळा नेमका या सुबत्तेतून होतो. मकबरा पाठीमागे पूर्ण दिसला पाहिजे, या हट्टापायी मॉडेलला अशा ठिकाणी उभे केले जाते की दुपारी एकचे ऊन थेट डोक्यावर येते, कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, आणि घरी येऊन छायाचित्रे मोठी करून पाहिल्यावर कळते की इमारत देखणी आली आहे आणि माणूस मात्र आठवडाभर तापाने पडल्यासारखा दिसतो आहे. म्हणून या लेखातील क्रम उलटा आहे. आधी चेहऱ्यासाठी चांगला उजेड शोधायचा, मग त्या उजेडात उभे राहून कोणता देखावा मागे घेता येतो ते पाहायचे, आणि सगळ्यात शेवटी पोझ ठरवायची.

घरून निघण्यापूर्वी: सूर्याचा हिशेब

वेळ ठरवताना घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह असे धरू नये. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि छत्रपती संभाजीनगर त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे तेथे सूर्य सर्वांत उंच येतो तो सरासरीने साडेबाराच्या सुमारास. सकाळच्या कामाला घड्याळाच्या मानाने थोडी सवलत मिळते ती यामुळेच. सकाळी साडेनऊचा सूर्य आणि दुपारी साडेतीनचा सूर्य जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात.

ऋतूचा फरक याहून मोठा आहे. १९-२० मेच्या आसपास छत्रपती संभाजीनगरला भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. अशा उन्हात चेहऱ्याचे छायाचित्र घेणे म्हणजे छताला टांगलेल्या एकाच उघड्या बल्बखाली ते घेण्यासारखे आहे. याउलट डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य मध्यान्हीदेखील सुमारे ४७ अंशांच्या वर जात नाही, आणि स्टुडिओत मुख्य दिवा साधारण ४५ अंशांवर लावण्याची रीत आहे हे लक्षात घेतले, तर हिवाळ्यातली दुपार आपल्याकडे वाया जात नाही हे उघड होते. कोष्टक पाठ करण्याची गरज नाही. आपलीच सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे, तेव्हा मॉडेलला थेट उन्हात उभे करू नये. सावली उंचीपेक्षा लांब होऊ लागली की उन्हाशी मैत्री करता येते.

सकाळी सूर्योदयानंतरच्या आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या सोनेरी उजेडाविषयी सगळेच बोलतात. त्याला ‘गोल्डन अवर’ म्हणत असले तरी आपल्या अक्षांशावर तो पूर्ण तासभर क्वचितच टिकतो. येथे सूर्य क्षितिजाकडे बराच उभा उतरतो आणि शेवटचे दहा अंश साधारण पाऊण तासात संपतात. म्हणून कपडे, रंगभूषा, कॅमेऱ्याची मांडणी आणि चाचणीची छायाचित्रे हे सगळे त्या पाऊण तासापूर्वी उरकलेले असावे. मी डिसेंबरमध्ये साडेपाच-सहाच्या दरम्यानचा सूर्यास्त धरून दुपारी साडेतीनला सर्वांना जागेवर बोलावतो. मे महिन्यात संध्याकाळचे काम सातच्या आसपास संपते, पण पारा ४० अंशांच्या पुढे असताना रंगभूषा टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात मी सकाळच पसंत करतो.

जागेवर पोचल्यावर: मूठ धरून पाहणे

बॅगेतून कॅमेरा काढण्यापूर्वी स्वतःचा हात डोळ्यांसमोर लांब धरून मूठ आवळावी आणि जागेवरच हळूहळू एक फेरी घ्यावी. मुठीच्या उंचवट्यांना नाक समजावे आणि बोटांमधल्या खाचांना डोळ्यांच्या खोबणी. एका दिशेला तोंड केले असता खाचा काळ्या ठिक्कर दिसतात, थोडे वळल्यावर त्यांच्यात उजेड शिरतो, आणखी वळल्यावर मुठीची एक बाजू उजळ व दुसरी हलकी गडद होऊन तिला गोलाई येते. ती गोलाई दिसली की थांबावे. मॉडेलचे तोंड त्या दिशेला हवे. आता आपण मॉडेलच्या समोर जाऊन उभे राहावे आणि त्याच्या किंवा तिच्या पाठीमागे काय येते ते पाहावे. मागे विजेचा खांब, उसाचा ट्रक किंवा पत्र्याचे शेड येत असेल तर दहा पावले सरकून हाच प्रयोग पुन्हा करावा. एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण उत्साहाच्या भरात नव्वद टक्के लोक ती देत नाहीत, असे मला माझ्यासकट सगळ्यांकडे पाहून वाटते.

आता एकेका जागेचा उजेड कसा वाचायचा ते पाहू. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख कड्यात कोरलेली आहेत. सकाळी सूर्य कड्याच्या पलीकडे असतो, त्यामुळे लेण्यांसमोरचे अंगण सावलीत असते, पण समोर पश्चिमेचे संपूर्ण आकाश उघडे असते. असा सावलीतला, पण मोठ्या आकाशाकडे तोंड असलेला उजेड चेहऱ्याला सर्वांत दयाळू असतो. दुपारनंतर तेच अंगण थेट उन्हात येते आणि सगळे गणित बदलते. मकबऱ्याचे प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. दारातून आत येऊन घुमटाकडे, म्हणजे उत्तरेकडे कॅमेरा धरला की सकाळचा उजेड छायाचित्रकाराच्या उजव्या हाताकडून आणि दुपारनंतरचा डाव्या हाताकडून येतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असल्याने इमारतीचा दर्शनी भाग उजळलेला राहतो. पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, पाणी गावाच्या पश्चिमेला पसरले आहे, म्हणून तेथे सूर्य पाण्यावर मावळतो आणि पाठीमागून उजेड घेऊन काढायच्या छायाचित्रांना ती जागा आदर्श ठरते. मात्र धरणाच्या भिंतीवर विनापरवानगी जाण्याचा मोह टाळावा.

काळी माती आणि पांढरा चुना

चेहऱ्यावर पडणारा उजेड फक्त आकाशातून येत नाही, तो जमिनीवरूनही परत येतो, आणि मराठवाड्यात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. आपली कापसाची काळी जमीन आणि बेसाल्टचा काळा दगड उजेड गिळून टाकतात. नांगरलेल्या रानात उभ्या केलेल्या माणसाच्या हनुवटीखाली आणि भुवयांखाली जो अंधार साचतो, तो याच कारणाने. मकबऱ्याच्या चौथऱ्यावर, चुना दिलेल्या भिंतीसमोर किंवा पांढऱ्या मातीच्या अंगणात मात्र जमीन आणि भिंतच रिफ्लेक्टरचे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परत टाकणाऱ्या फलकाचे, काम करतात, आणि जास्तीचे काही धरायची गरज उरत नाही.

याच दोन रंगांनी कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटरही फसतो. समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे तो गृहीत धरतो, म्हणून पांढरा मकबरा फ्रेमभर असला की छायाचित्र गडद येते आणि काळा तट फ्रेमभर असला की चेहरा फिका पडतो. पहिल्या वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (छायाचित्र उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय) एका स्टॉपने, म्हणजे उजेडाच्या दुपटीने, वाढवून आणि दुसऱ्या वेळी अर्ध्या-एका स्टॉपने कमी करून पाहावे, आणि निर्णय इमारतीवरून न घेता गालावरून घ्यावा. सावळ्या त्वचेच्या बाबतीत तर हे पथ्य कटाक्षाने पाळावे. सावळा चेहरा योग्य उजेडात जितका खोल आणि तजेलदार दिसतो तितका गोरा चेहराही दिसत नाही, पण कमी एक्सपोजर देऊन नंतर संगणकावर ओढून उजळ केला की तो राखेच्या रंगाचा होतो. ‘जरा गोरे करून द्या’ ही मागणी हमखास येते. नम्रपणे नाही म्हणावे.

झाडाखालच्या उजेडाची एक खोड सांगितली पाहिजे. लिंबाची आणि बाभळीची पाने बारीक असल्याने त्यांच्याखाली उन्हाचे कवडसे पडतात, आणि चेहऱ्यावर कवडसे आले की गालावर पांढरे डाग पडल्यासारखे दिसते. वड किंवा दाट आंबा त्यामानाने बरा. कोणतेही झाड असो, मॉडेलला बुंध्यापाशी न नेता सावलीच्या कडेशी आणावे आणि तोंड बाहेरच्या उघड्या आकाशाकडे करावे. बुंध्यापाशी उजेड कमी असतो, वर आणि खाली हिरवेच हिरवे असल्याने त्वचेवर हिरवट झाक येते, आणि ती झाक नंतर काढणे भल्याभल्यांना जमत नाही. उभ्या ज्वारीच्या रानातही हाच त्रास होतो. तेथे पिकात न शिरता बांधावर काम करावे, म्हणजे मालकाचे नुकसानही टळते.

वाड्याची देवडी आणि बारवेच्या पायऱ्या

माझे स्वतःचे मत विचाराल तर नवोदिताने पहिली दहा चित्रणे किल्ल्यावर न करता एखाद्या जुन्या वाड्यात करावीत. देवडीत, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या आतल्या बाजूला, मॉडेलला उंबरठ्यापासून एक-दोन हात आत उभे करावे. वर छत असल्याने डोक्यावरून येणारा उजेड अडतो आणि फक्त समोरून, दाराएवढ्या मोठ्या चौकटीतून मऊ उजेड येतो. स्टुडिओतला महागडा सॉफ्टबॉक्स यापेक्षा वेगळे काही करत नाही. तोंड सरळ दाराकडे ठेवले तर चेहरा सपाट आणि स्वच्छ दिसतो. अंग वळवून दाराकडे एकच गाल ठेवला तर दुसरा गाल सावलीत जाऊन चेहऱ्याला खोली येते. एकेक पाऊल आत सरकावे तसा मागचा अंधार गडद होत जातो आणि चेहरा उठून दिसतो. चौकात उतरलात तर उजेड पुन्हा वरून येऊ लागतो, म्हणून ऊन असताना चौकापेक्षा ओसरीच बरी.

बारवेचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचा, उजेड याच्या अगदी उलट. परभणी जिल्ह्यातील वालूरची बारव असो किंवा आपल्या गावाबाहेरची साधी बारव असो, तेथे उजेड फक्त वरून उतरतो. खालच्या पायरीवर बसलेल्या माणसाने खाली पाहिले तर चेहरा हरवतो, पण त्याने नजर वर, काठाकडे उचलली की तोच उजेड कपाळापासून हनुवटीपर्यंत सारखा पसरतो. छायाचित्रकाराने वरच्या पायरीवरून कॅमेरा धरावा. पायऱ्या निसरड्या असतात आणि कठडे ढासळलेले असतात, तेव्हा पाण्याच्या दोन टप्पे वरच थांबावे आणि मॉडेलला मागे सरकायला कधीही सांगू नये.

थर्माकोल, धोतर आणि वारा

सुरुवातीच्या सामानात पांढऱ्या थर्माकोलचे एक मोठे शीट असले तरी पुरे. मॉडेलची पाठ सूर्याकडे करावी, म्हणजे केसांच्या आणि खांद्यांच्या कडा उजळतात, आणि समोरून साधारण हातभर ते दीड हात अंतरावर थर्माकोल छातीच्या उंचीवर धरून थोडे वर कलवावे. चेहऱ्यावरची सावली उजळताना डोळ्यांनी दिसते. दिसत नसेल तर शीटचा कोन चुकला आहे. चंदेरी रिफ्लेक्टर याहून खूप जोरदार असतो आणि तो दोन-तीन मीटरवरून वापरायचा असतो. हे मला माहीत नव्हते तेव्हा मी गोदाकाठी, एप्रिल महिन्यात, सकाळी अकरा वाजता, एका ओळखीच्या मुलीची पैठणीतली छायाचित्रे काढायला गेलो आणि चंदेरी रिफ्लेक्टर तिच्या तोंडापासून दोन हातांवर धरायला लावला. साठ छायाचित्रे काढली. एकातही तिचे डोळे पूर्ण उघडे नव्हते, काजळ ओघळले होते, आणि ती बिचारी सभ्यपणाने काही बोलली नव्हती. तेव्हापासून रिफ्लेक्टर लावला की मी आधी स्वतः मॉडेलच्या जागी उभा राहून त्याकडे पाहतो. डोळे मिटावेसे वाटले तर तो मागे नेतो.

कडक उन्हात काम करणे भागच असेल तर डोक्यावर पातळ पांढरे कापड धरावे. बाजारात डिफ्यूझर मिळतात, पण दोन बांबूंना ताणून बांधलेले जुने सुती धोतर तितकेच चांगले काम करते. कापड पांढरेच हवे, कारण रंगीत कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो, आणि ते डोक्याच्या जितके जवळ तितका उजेड मऊ, कारण उजेडाचा मऊपणा त्याच्या स्रोताचा आकार माणसाच्या मानाने किती मोठा आहे यावर ठरतो. आठ फुटांवर नेलेले धोतर पुन्हा लहान खिडकीसारखे वागू लागते. कापडामुळे चेहऱ्यावरचा उजेड कमी होतो आणि मागचा उन्हातला देखावा तुलनेने पांढरा फटक पडतो, म्हणून पार्श्वभूमीही सावलीतली किंवा गडद निवडावी. काळा तट येथे उपयोगी पडतो.

किल्ल्यावर आणि पाण्याकाठी दुपारनंतर वारा सुटतो. रिफ्लेक्टर शिडासारखा फुगतो, स्टँडवरची छत्री उलटते, आणि ती पडते ती नेमकी मॉडेलच्या दिशेने. प्रत्येक स्टँडला वाळूची पिशवी किंवा पाण्याचा भरलेला कॅन बांधावा आणि रिफ्लेक्टर माणसाच्याच हातात द्यावा.

फ्लॅशचा नाद पहिल्या दिवसापासून करू नये, पण त्याचे मूळ गणित ठाऊक असावे. स्वच्छ उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० वर शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/१०० सेकंद आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके ते बारीक) एफ/१६ हा जुना अंदाज आजही चालतो. बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या शटरपर्यंतच जुळतो, म्हणजे ॲपर्चर एफ/११ च्या आसपास ठेवावे लागते, आणि एवढ्या बारीक ॲपर्चरला लहान फ्लॅश छत्रीतून मारल्यास तो दीड मीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, हे कायम लक्षात असू द्यावे. म्हणून लहान फ्लॅशची खरी वेळ सूर्य उतरल्यानंतरची. आकाश एका स्टॉपने गडद ठेवावे, फ्लॅश एका बाजूने, डोळ्यांच्या किंचित वरून द्यावा, आणि त्यावर हलका नारिंगी जिलेटिन कागद लावावा, नाहीतर संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात फक्त चेहरा निळसर दिसतो.

कॅमेऱ्याची मांडणी, थोडक्यात

छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर न ठेवता उन्हासाठी ‘डेलाइट’ व सावलीसाठी ‘शेड’ असा स्थिर ठेवावा. दिवसाउजेडी शटर १/२०० च्या खाली जाऊ देऊ नये. नव्या ८५ मिमी लेन्सचे एफ/१.८ वापरण्याची सर्वांनाच घाई असते, पण फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दीड मीटर अंतरावरून त्या ॲपर्चरला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. चेहरा जरा वळला की एक डोळा धूसर होतो. एफ/२.८ ते एफ/४ ठेवून कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. मोबाइल वापरणाऱ्यांनी जवळ जाऊन मुख्य कॅमेऱ्याने चेहरा घेऊ नये, नाक मोठे दिसते. दुप्पट झूम लावून दोन पावले मागे यावे. पूर्ण उंचीचे छायाचित्र घेताना कॅमेरा कमरेच्या उंचीला आणावा, म्हणजे पाय आखूड दिसत नाहीत.

पोझ: पायापासून वर

पोझ देता येत नाही अशी तक्रार मॉडेलबद्दल केली जाते, पण बहुतेक वेळा सूचना देणाऱ्यालाच काय हवे ते ठाऊक नसते. ‘नॅचरल राहा’ ही सर्वांत निरुपयोगी सूचना आहे, कारण कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हीच मुळात अनैसर्गिक गोष्ट आहे. त्याऐवजी पायापासून सुरुवात करावी. शरीराचे वजन मागच्या पायावर द्यायला सांगावे, पुढचा पाय सैल सोडून गुडघा किंचित वाकवावा. एवढ्यानेच कंबर एका बाजूला झुकते, खांदे तिला तोलायला उलट कलतात आणि परेडमध्ये उभा असल्यासारखा ताठरपणा जातो. अंग कॅमेऱ्याकडे सरळ न ठेवता थोडे वळवावे आणि चेहरा उजेडाकडे आणावा. यानंतर हनुवटी. ‘हनुवटी खाली’ म्हटले की लोक मान आत ओढतात आणि गळ्याला घडी पडते; म्हणून ‘ताई, खिडकीतून डोकावल्यासारखी हनुवटी आधी पुढे घ्या, मग किंचित खाली’ असे सांगावे. करणाऱ्याला हे फार विचित्र वाटते, पण समोरून जबड्याची रेषा स्वच्छ येते. पडद्यावर लगेच दाखवावे, म्हणजे विश्वास बसतो.

‘हात कुठे ठेवू?’ हा प्रश्न प्रत्येक चित्रणात पहिल्या दहा मिनिटांत येतोच. हाताला काम द्यावे, हे त्याचे उत्तर. वाड्यात खांब आहे, कडी आहे, दाराची चौकट आहे; साडीला पदर आणि निऱ्या आहेत; पुरुषाला फेट्याचा शेमला आहे, कुर्त्याची बाही आहे. पदर सावरताना बोटे कशी ठेवली जातात ते एकदा नीट पाहावे. पदराचा काठ अंगठा आणि तर्जनीत हलका धरलेला असतो, बाकीची तीन बोटे सैल, किंचित उलगडलेली असतात, आणि मनगट वाकलेले असते. तीच बोटे पदर मुठीत आवळू लागली की सगळ्या छायाचित्राला ताण येतो, मग चेहऱ्यावर हसू असले तरी उपयोग नसतो. तळहात किंवा हाताची पूर्ण पाठ कॅमेऱ्याकडे आली तर हात चेहऱ्याएवढा मोठा दिसतो, म्हणून हाताची करंगळीकडची कड कॅमेऱ्याकडे ठेवावी. गालाला हात लावायचा असेल तर तो टेकवू नये, नुसता पोचवावा. टेकवला की गाल दबतो. दंड अंगाला चिकटलेला असेल तर दंड आणि कंबर मिळून एकच रुंद आकार दिसतो, तेव्हा कोपर जरासे बाहेर काढून मधून उजेड दिसेल एवढी फट ठेवावी.

पुरुषांच्या बाबतीत पाय थोडे फाकवून, एक खांदा भिंतीला टेकवून, अंगठे खिशात आणि बोटे बाहेर अशी सुरुवात सोपी पडते. छाती फुगवून उभ्या राहणाऱ्या तरुणांना श्वास सोडायला सांगावे. खरे तर हे सर्वांनाच लागू आहे, आणि माझी सर्वांत चांगली छायाचित्रे मॉडेलने श्वास सोडल्यानंतरच्या पुढच्या क्षणातली आहेत.

स्थिर पोझ अवघडत असेल तर चालायला सांगावे. दहा पावले, सावकाश, पाऊल किंचित एकासमोर एक टाकत. पुढचे पाऊल टेकण्याच्या क्षणी शटर दाबावे. पायरीवर बसवताना पायरीच्या कडेवर बसवावे, मागे रेलू देऊ नये, आणि गुडघे कॅमेऱ्याकडे सरळ न ठेवता तिरके ठेवावेत. फ्रेम कापताना गुडघा, घोटा, मनगट किंवा कोपर या सांध्यांवर कापू नये. मांडीच्या मध्यावर किंवा कमरेच्या वर कापावे.

पैठणी किंवा हिमरूची शाल असेल तर उजेड बाजूने घ्यावा. जरीच्या तारा समोरच्या फ्लॅशमध्ये एकसारख्या पांढऱ्या पडतात. बाजूच्या उजेडात मोराची मान, पान, वेल वेगवेगळी उठते. पदर दाखवायचा तर तो हातावर पसरून कॅमेऱ्याकडे नव्वद अंशांत न धरता थोडा कलता धरावा आणि चमक जिथे सौम्य होते तिथे थांबावे. नथ घातलेली असेल तर नथीची बाजू उजेडाकडे आली पाहिजे, अन्यथा तिची सावली वरच्या ओठावर पडते आणि मिशी असल्यासारखी दिसते. पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि वर फेटा असा पोशाख असेल तर कॅमेऱ्यातला हायलाइटचा (अति उजळ झालेला भाग दाखवणारा) इशारा सुरू ठेवावा, कारण पांढऱ्या कापडाची वीण एकदा उडाली की परत आणता येत नाही.

परवानगी, संमती आणि पाणी

वेरूळ, अजिंठा, मकबरा, देवगिरी ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत. तेथे तिकीट काढून साधी छायाचित्रे घेता येतात, पण ट्रायपॉड, दिवे आणि व्यावसायिक चित्रण यांसाठी पूर्वपरवानगी लागते, आणि ड्रोनचा विषय तर पूर्ण वेगळा आहे. काही किल्ले राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहेत, त्यामुळे अर्ज कोणाकडे करायचा ते आधी विचारून घ्यावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे विसरून दीडशे किलोमीटर आलेली मंडळी मी पाहिली आहेत. अजिंठ्याच्या चित्रांजवळ फ्लॅश वर्ज्य आहे. दर्गा, मंदिर, गुरुद्वारा यांच्या आवारात परवानगी असली तरी पोझ आणि पोशाख यांचा विचार करावा. वाड्यात तर घरच्या वडीलधाऱ्यांना दोन दिवस आधी जाऊन भेटणेच चांगले, कारण फोनवर मिळालेला होकार दारात पोचेपर्यंत बदललेला असतो.

मॉडेलशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणावे, नाव घ्यावे किंवा ताई-दादा म्हणावे, आणि पदर सरळ करायलाही परस्पर हात लावू नये. काय करायचे ते स्वतः करून दाखवावे. छायाचित्रे कुठे वापरली जाणार, किती द्यायची, केव्हा द्यायची, हे लेखी ठरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मॉडेल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही आणि त्यांची उपस्थिती दोन्ही आवश्यक. सोबत कोणी मैत्रीण किंवा भाऊ येणार असेल तर आनंदाने येऊ द्यावे, रिफ्लेक्टर धरायला माणूस मिळतो. कपडे बदलायला सुरक्षित जागा कुठे आहे ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. पिण्याचे पाणी, लिंबू-मीठ-साखर, टिपकागद, सेफ्टी पिना, छत्री आणि सपाट चपला या गोष्टी लेन्सइतक्याच महत्त्वाच्या आहेत. उंच टाचांनी किल्ला चढायला लावू नये, त्या वर पोचल्यावर घालता येतात.

सूर्य बुडाल्यावर

सूर्य क्षितिजाखाली गेला की सगळे सामान आवरू लागतात. आवरू नये. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे पश्चिमेचे संपूर्ण आकाश एका प्रचंड मऊ दिव्यासारखे काम करते. मॉडेलचे तोंड पश्चिमेकडे करावे आणि आपण आकाशाकडे पाठ करून उभे राहावे. चेहऱ्यावर एकही कडक सावली नसते, डोळ्यांत आकाशाची रुंद चमक उतरते, डोळे किलकिले होत नाहीत, आणि दिवसभर ज्या जागेने दाद दिली नाही तीच जागा शहाण्यासारखी वागू लागते. उजेड भराभर उतरत असल्याने दर दोन-तीन मिनिटांनी एक्सपोजर तपासावे, आयएसओ ४०० वरून ८००, १६०० असा वाढवत जावे आणि शटर १/१२५ वर येऊन टेकले की स्थिर पोझच घ्याव्यात, चालणे बंद करावे. आयएसओ ३२०० लाही चेहरा गडद येऊ लागला की कार्ड काढून वेगळ्या डबीत ठेवावे आणि टॉर्च बाहेर काढावी. उतरताना मॉडेलला मधे चालवावे आणि स्टँड घेतलेल्या माणसाला सर्वांत मागे.